आपापली चार बोटं

“अगं, जोर लाव! गुडघा तुझा स्वतःचा आहे, गिरणीचा नाही!”

मिन मास्तर असे कधी कुणावर ओरडत नसत. मी काउंटरवरून मान बाहेर काढून पाहिलं. समोर कापराच्या झाडाखाली त्यांची नेहमीची दोन बांबूची स्टुलं. एकावर सूफेनताई बसलेली, अंगठा गुडघ्याखाली रुतवून, तोंड लालबुंद. मास्तर तिच्यासमोर उभे, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून. मोकळे सोडले असते तर ते हात आपोआप तिच्या गुडघ्याकडे गेले असते.

“लावतेय की जोर,” सूफेनताई म्हणाली. “तुमच्या अंगठ्याएवढी ताकद मी कुठून आणू?”

“ताकद नाही लागत. जागा लागते.”

“तीच तर सापडत नाही.”

“सव्वीस वर्षं मी त्याच जागेवर दाबतोय आणि तुला सापडत नाही?”

“दाबत तुम्ही होतात, मास्तर. मी आपली डोळे मिटून बसायचे.”

मी फसकन हसले. मान धरून नंबराची वाट बघत बसलेली दोन माणसंही हसली. मास्तरांचे कान लाल झाले.

माझं हे टपरीवजा दुकान म्हणजे साबण, काडेपेट्या, सिगारेटी आणि गल्लीतला एकुलता एक सार्वजनिक फोन. कुणाचा फोन आला की गल्लीभर हाका मारत जायचं आणि माणूस धरून आणायचं, हे माझं काम. त्यामुळे सगळ्यांची सुखदुःखं आधी माझ्या कानावरून जातात. लोक म्हणतात, लिएनवहिनी चोंबडी आहे. असेन. कान देवाने दिलेत, ते काय मिटता येतात?

दोन वर्षांपूर्वी गिरणी बंद पडली तोवर आम्ही तिघंही तिथेच होतो. मी पॅकिंगला. सूफेनताई रेशीम काढायच्या खात्यात. अठ्ठावीस वर्षं ती उकळत्या पाण्याच्या तसराळ्यापुढे उभी राहिली, पाण्यात बोटं घालून कोषाचं टोक शोधत. हाताची सालं निघायची आणि पायाखालची फरशी बारा महिने ओली. त्या खात्यातल्या एकीचेही गुडघे धड नाहीत. मिन मास्तर गिरणीच्या दवाखान्यात अंग चोळून, नसा दाबून द्यायचे. पण त्यांचं खरं नाव झालं ते भोंग्यामुळे. सकाळी दहाला आणि दुपारी चारला यंत्रं दहा मिनिटं थांबायची आणि भोंग्यातून मास्तरांचा आवाज यायचा.

“हात पुसा. डोळे मिटा. तळवे एकमेकांवर घासा. गरम झाले? आता डोळ्यांवर ठेवा. एक, दोन, तीन, चार. दोन, दोन, तीन, चार.”

दर फेरीला पहिला आकडा तेवढा बदलायचा. डोळे झाले की मान, मग मनगटं, आणि शेवटी गुडघ्याखालची ती जागा. आमच्याकडे तिला तीन कोसांची जागा म्हणतात. चालून चालून जीव गेलेल्या माणसाने तिथे दाबावं, म्हणजे आणखी तीन कोस चालवतं. “वाटीखालच्या बाहेरच्या खळग्यापासून चार बोटं खाली, नडगीपासून एक बोट बाहेर,” मास्तर सांगायचे. “आपापली चार बोटं! शेजारणीची नाही!” हा विनोद त्यांनी दिवसातून दोनदा केला आणि आम्ही दिवसातून दोनदा हसलो. उंच माणसाची बोटं लांबरुंद, बुटक्याची आखूड, म्हणून ज्याच्या अंगाचं माप त्याच्याच बोटांनी घ्यायचं, एवढाच त्याचा अर्थ. पण बाराशे बायका एकदम हसल्या की बरं वाटायचं.

गिरणी गेली, दवाखाना गेला. मास्तरांनी दोन स्टुलं उचलली आणि माझ्या टपरीसमोर झाडाखाली मांडली. कुणाची मान, कुणाची कंबर. आणि दर गुरुवारी चार वाजता सूफेनताईचा गुडघा. दवाखान्यात होता तोच वार, तीच वेळ. ती बसायची, मास्तर खांद्यावरचा पांढरा टॉवेल झटकून तिच्या गुडघ्यावर पसरायचे आणि त्याच्यावरून दाबायचे. सव्वीस वर्षांत तो टॉवेल एकदाही बाजूला झाला नाही, हे मी शपथेवर सांगते.

मास्तरांनी लग्न केलं नाही. का केलं नाही, याची गल्लीत चार कारणं सांगतात आणि चारही खोटी आहेत. खरं कारण दर गुरुवारी चार वाजता येऊन स्टुलावर बसायचं. सूफेनताईचा नवरा जाऊनही अकरा वर्षं झाली होती. मी कितीदा म्हटलं असेल, “मास्तर, विचारा एकदा. फार तर नाही म्हणेल.” तर हे म्हणायचे, “लिएन, तुझा फोन वाजतोय बघ.” फोन वाजत नसायचा.

आणि आता ती चालली होती. तिचा मुलगा वेइकांग दक्षिणेला शेन्झेनला असतो, तिकडे एका कारखान्यात साहेब झालाय. त्याला मुलगी झाली. बायकोही नोकरी करते. त्याने पत्र लिहिलं, आई, ये. सूफेनताईने ते पत्र मला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तिला रडूच फुटलं.

“वेइकांगला मी वाढवलंच नाही गं, लिएन,” ती म्हणाली. “कामाच्या पाळीतून दोनदा पळत जाऊन पाजायचं, एवढंच केलं. वर्षाचा झाला आणि सासूकडे खेड्यावर पाठवला, तो बारा वर्षांचा होऊन परत आला. ‘आई’ म्हणायचा, पण शाळेतल्या बाईंना हाक मारावी तसा. आता त्याने आपणहून बोलावलंय. ही पोर मी वाढवणार. काय वाट्टेल ते होवो.”

अडचण एकच होती. वेइकांगचं घर सहाव्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. कडेवर मूल, हातात भाजी आणि हा असला गुडघा. तिथे गुरुवारी कोण दाबून देणार? म्हणून मास्तरांनी ठरवलं की जायच्या आधी तिला स्वतःचं स्वतः करायला शिकवायचं. दिवस होते नऊ. गाडीचं तिकीट निघालं होतं.

ज्या माणसाने बाराशे बायकांना भोंग्यावरून शिकवलं, त्याला ही एक शिकवता येईना. ती दाबायची ते कधी वर, कधी आत. मास्तर चिडायचे, ती हसायची, मग तीही चिडायची. “राहू द्या, मी लंगडीच बरी!” म्हणून एकदा उठून गेली आणि अर्ध्या तासाने भाजलेल्या हिरव्या सोयाचे दाणे घातलेला चहा करून घेऊन आली, तिघांसाठी. आम्ही तिथेच बसून प्यायलो. कपातले दाणे चावायचा आवाज तेवढा येत होता.

आठव्या दिवशी ती म्हणाली, “मास्तर, एकदाच तुम्ही हात ठेवून दाखवा. दाबू नका. नुसता ठेवा. चार बोटं.”

मास्तरांनी टॉवेल पसरला, पण ती म्हणाली, “टॉवेलमुळे कळत नाही, विजारीवरूनच ठेवा.” मास्तर जरा थांबले. मग तिच्या त्या निळ्या सुती विजारीवर, गुडघ्याखाली त्यांनी हात आडवा ठेवला. तिने खिशातून शिंप्याचा खडू काढला आणि त्यांच्या हाताच्या वर एक रेघ ओढली, खाली एक. शाळेतल्या पोरीसारखी जीभ बाहेर काढून.

“हे काय?” मास्तर म्हणाले.

“काही नाही. हलू नका.”

मग ती तशीच, विजारीवर दोन रेघा घेऊन माझ्याकडे आली आणि कात्री मागितली. पिशवीतून रेशमी फीत काढली, आमच्याच गिरणीची, पांढरी, आणि एक वीतभरसुद्धा नाही एवढा तुकडा कापला. मला वाटलं, बोचक्याला काही बांधायचं असेल. मी काही विचारलं नाही. आता वाटतं, चोंबडेपणा जिथे करायचा तिथे नेमकी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. पुलापाशी बस थांबते, तिथपर्यंत मी पोचवायला गेले होते. मास्तर आले नाहीत. त्यांच्यापुढे एक म्हातारा घड्याळजी मान वाकवून बसला होता. बसचा हॉर्न वाजला तसा तो म्हातारा ओरडला, “मास्तर, मान मोडता की काय!” मास्तर म्हणाले, “माफ करा, माफ करा,” आणि बस दिसेनाशी होईपर्यंत तेच म्हणत राहिले. हे मला त्या म्हाताऱ्यानेच सांगितलं.

दर रविवारी दुपारी तीनला फोन यायला लागला. तीनला तिची नात झोपायची. मास्तर पावणेतीनपासूनच माझ्या काउंटरशी उभे. कशाला आलात विचारलं तर म्हणे काडेपेटी घ्यायला. पहिल्या तीन महिन्यांत त्यांच्या घरात काडेपेट्यांचा डोंगर झाला असेल. माझ्या फोनला एक बटण आहे, ते दाबलं की रिसीव्हर न उचलता बोलता येतं आणि पलीकडचा आवाज बाहेर येतो. पहिल्याच रविवारी मास्तर म्हणाले, “लिएन, ते बटण दाब. समजावताना मला हात मोकळे लागतात.” त्यामुळे सगळं मलाही ऐकू येई. यात माझा काही दोष नाही.

पहिले दोनतीन रविवार सगळं छान. तिकडे थंडीच पडत नाही. लोक बोलतात त्यातलं अक्षर कळत नाही, भाजीवाल्याला बोट दाखवून सांगावं लागतं. नातीचं नाव दोउदोउ, तिला खाली दोन दात आलेत आणि ती आजीच्या नाकाला चावते. “आणि गुडघा?” मास्तर विचारायचे. “बरा आहे,” ती म्हणायची. पण ‘बरा’ म्हणायच्या आधी ती जरा थांबायची. ते मला कळत होतं, मास्तरांना तर कळणारच.

डिसेंबरातल्या एका रविवारी ती रडली.

“मास्तर, काल तिसऱ्या मजल्यावर बसले ती उठताच येईना. दोउदोउ कडेवर. शेजारच्या बाईने दोघींना वर नेलं. वेइकांग रात्री म्हणाला, आई, तुझे हाल बघवत नाहीत. नव्या वर्षाच्या सणाला गावी जा, मी इथे बाई ठेवतो. तो वाईट नाही हो. काळजीनेच बोलला. पण एकदा बाई ठेवली की मी पाहुणी. पोर तिच्याच अंगाखांद्यावर वाढणार.”

“रोज दाबतेस ना?”

“सकाळ-संध्याकाळ. शंभर-शंभर वेळा. वळ उठलेत.”

“दाबल्यावर आंबतं का?”

बरोबर जागेवर दाबलं की नुसतं दुखत नाही, आंबतं. कच्चा आलुबुखार चावला की दात आंबतात, तसा पाय आतून आंबतो आणि ती कळ सरसर घोट्यापर्यंत उतरते. न आंबेल तर जागा चुकली, हे गिरणीतल्या नव्या पोरीलाही ठाऊक होतं.

“नाही हो,” ती म्हणाली. “आंबत नाही. नुसतं दुखतं.”

मास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांना कळलं होतं. नेमकं काय चुकतंय ते नसेल, पण जागा चुकतेय एवढं नक्की कळलं होतं. एरवी त्यांनी तिथल्या तिथे सुरुवात केली असती, वाटी कुठे, खळगा कुठे. पण ते म्हणाले, “बरं. पुढच्या रविवारी बोलू.” आणि स्वतःच बटण दाबून फोन बंद केला. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. काडेपेटीही न घेता गेले.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! सण महिन्या-दीड महिन्यावर आला होता. म्हणजे ती येणार. मास्तर गप्प बसलेत म्हणजे त्यांनाही शेवटी अक्कल आली. तिच्या घराची किल्ली माझ्याकडेच होती. बुधवारी छान ऊन पडलं, तेव्हा मी जाऊन खिडक्या उघडल्या, केर काढला आणि तिची फुलांची रजई आणून माझ्या टपरीसमोरच्या दोरीवर वाळत टाकली.

मास्तर स्टुलावरून रजईकडे बघत राहिले. गिऱ्हाईक नव्हतं. बऱ्याच वेळाने उठून माझ्याकडे आले.

“सूफेनची ना?”

“मग काय माझी? माझी एवढी चांगली असती तर!”

ते हसले नाहीत. त्यांनी आपला उजवा पंजा काउंटरवर आडवा ठेवला, चारी बोटं जोडून. केवढा तो पंजा! चाळीस वर्षं माणसांची अंगं दाबून बोटं केळ्यांसारखी झालेली.

“लिएन, शेवटून दुसऱ्या दिवशी तिने तुझ्याकडून कात्री कशाला नेली होती?”

“फीत कापायला,” मी म्हणाले. “एवढीशी.” आणि बोटांनी दाखवायला गेले तर ते अंतर बरोबर त्या पंजाएवढं. माझे हात तसेच हवेत राहिले. विजारीवरच्या रेघा आठवल्या. वेडीने मास्तरांच्या चार बोटांचं माप कापून नेलं होतं आणि तिकडे सकाळ-संध्याकाळ त्या मापाने जागा शोधून दाबत होती. तिचा हात म्हणजे चिमणीएवढा. तिची साडेपाच बोटं तरी मास्तरांच्या चारांत बसली असती.

“मास्तर,” मी त्यांचं मनगटच धरलं. “हे तिला सांगू नका.”

ते आपल्या पंजाकडेच बघत राहिले.

“तुम्हाला खोटं बोलायचं नाहीये. काही करायचं नाहीये. फक्त एक रविवार गप्प बसा. ती येईल. इथे तुम्ही आहात, तुमचा हात आहे, आठ दिवसांत गुडघा ठीक कराल. तिचं तिथे कोण आहे? भाजीवाल्याशी बोलता येत नाही तिला!”

“दोउदोउ आहे,” मास्तर म्हणाले.

“अहो, मुलं काय, बाई ठेवली तरी वाढतात!”

“मीही हेच म्हणत होतो स्वतःला. रविवारपासून.” त्यांनी हात काउंटरवरून काढून घेतला. “खोटं कशाला बोलू, लिएन, मला फार वाटतं गप्प बसावं. ती येईल, त्या स्टुलावर बसेल, मी टॉवेल टाकेन. पण दर गुरुवारी ती त्या पोरीबद्दल बोलेल. आज किती दात आले असतील, आता चालत असेल का. आणि मी तिचाच गुडघा दाबत बसलेला असेन. मला जमायचं नाही ते.”

“मग मरा एकटे!” मी म्हणाले.

माझं तोंडच तसलं. बोलले आणि लगेच वाटलं, जीभ झडली असती तर बरं. पण मास्तर रागावले नाहीत. उलट म्हणाले, “रजई आत घे. दव पडेल.”

रविवारी ते तीनच्या आधी आले ते स्टूल घेऊनच. काउंटरसमोर स्टूल ठेवलं, बसले, विजार गुडघ्याच्या वर दुमडली. थंडीचे दिवस, पायावर काटा आलेला. जुन्या गिरणीतल्या दोघीतिघी साबण न्यायला आल्या होत्या, त्या बघत उभ्या राहिल्या. फोन वाजला. मी बटण दाबलं.

“सूफेन,” मास्तर म्हणाले, “ती फीत कुठे आहे?”

पलीकडून हळूच, “कुठली फीत?”

“लिएनच्या कात्रीने कापलेली.”

“… खिशात.”

“ती बाजूला ठेव.”

“मास्तर, मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. भोंग्यावर ऐकलंय मी, दिवसातून दोनदा. पण मला वाटलं, सव्वीस वर्षं बरं वाटलं ते तुमच्या हाताने. माझ्या हाताने कधी काय बरं झालंय? म्हणून म्हटलं, निदान माप तरी तुमचं असू दे.”

साबणाला आलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी डोळे वटारले तशा गप्प राहिल्या.

मास्तरांनी घसा खाकरला. “मी तुझं माप कधी घेतलंच नाही, सूफेन. सव्वीस वर्षांत एकदाही बोटं मोजली नाहीत. हात ठेवला की कळायचं. आता तुझाही हात शिकेल. स्पीकरचं बटण आहे ना तिकडे? दाब. बस खाली. विजार वर कर.”

“केली.”

आणि मास्तरांचा आवाज बदलला. तोच तो भोंग्यातला आवाज, दोन वर्षांनी.

“हात पुसा. डोळे मिटा. गुडघ्याची वाटी चाचपा. वाटीखाली, बाहेरच्या बाजूला खळगा लागेल. लागला? तिथून चार बोटं खाली. आपापली चार बोटं!”

“शेजारणीची नाही,” पलीकडून ती म्हणाली. हसत होती की रडत होती, देव जाणे.

“नडगीपासून एक बोट बाहेर. अंगठा टेकवा. एक, दोन, तीन, चार. दोन, दोन, तीन, चार.”

मास्तर स्वतःच्या गुडघ्याखाली दाबत मोजत होते. साबणाच्या बायका केव्हा पायरीवर बसल्या आणि त्यांचे हात केव्हा त्यांच्या गुडघ्यांवर गेले, मला कळलं नाही. कारण मीही काउंटरच्या आत खाली बसून तेच करत होते. तीन, दोन, तीन, चार. चार, दोन, तीन, चार.

“आई गं!” फोनमधून किंकाळी आली.

“आंबलं?”

“आंबलं! मास्तर, आंबलं! पार घोट्यापर्यंत गेलं!”

पायरीवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर हसले. इतकं मोठं हसू मी त्यांच्या तोंडावर आधी कधी पाहिलं नव्हतं. मग ते हसू हळूहळू उतरलं.

“झालं तर मग,” ते म्हणाले. “रोज दोनदा. फार जोर लावू नकोस. पंधरा दिवसांत जिने चढशील.”

ती म्हणाली, “म्हणजे मास्तर, सणाला …”

“सणाला कशाला येतेस? गाड्यांना मरणाची गर्दी असते. आणि इकडे थंडी, पोरीला सर्दी व्हायची.”

“हो. तेही आहेच.” जरा वेळाने ती म्हणाली, “ती फीत मी टाकणार नाही हं.”

“नको टाकूस. फक्त मोजायला वापरू नकोस.”

मागे मूल रडायला लागलं. “जा, उठली ती,” मास्तर म्हणाले, आणि ती “जाते” म्हणेपर्यंत थांबून मग त्यांनी बटण दाबलं. विजारीची दुमड सोडली. स्टूल उचललं. जाता जाता मला म्हणाले, “लिएन, एक काडेपेटी दे.”

सण आला आणि गेला. ती आली नाही. गुडघा चांगला झाला, सहा मजले ती आता न थांबता चढते. फोन आधी दर रविवारी यायचा, मग एकाआड एक रविवारी. दुपारी तीनला झोपणं दोउदोउने सोडून दिलंय, आजीला क्षणभर बसू देत नाही. “आता ती माझ्या पाठी पाठी जिना चढते, मास्तर,” मागच्या महिन्यात ती सांगत होती. “माझं एक बोट धरून. वेइकांग हसतो. म्हणतो, आई, मला कधी असं चढवलं होतंस का गं? आणि मग स्वतःच दुसरं बोट धरतो.” मास्तरांनी हे मला नंतर दोनदा पुन्हा सांगितलं, जसं काही मी तिथे नव्हतेच. रजई मी घडी करून तिच्या कपाटात ठेवली आणि घराला कुलूप लावलं.

गल्लीला मास्तर हवेच असतात. कुणाची मान आखडलीय, कुणाची पाठ. पण गुरुवारी चारला ते कुणालाच घेत नाहीत. “चारला नाही,” म्हणतात. का, ते कुणी विचारत नाही.

परवा गुरुवारी कापराच्या झाडाला नवी पालवी फुटली होती आणि जुनी तांबडी पानं खाली गळत होती. चार वाजले. मास्तर आपल्या स्टुलावरून उठले आणि समोरच्या, तिच्या स्टुलावर जाऊन बसले. खांद्यावरचा पांढरा टॉवेल काढला, झटकला आणि स्वतःच्या गुडघ्यावर पसरला. चारी कोपरे नीट केले. मग खळगा चाचपून त्याखाली चार बोटं ठेवली, आणि अंगठा टेकवला.

अहो, स्वतःच्या गुडघ्यावर कुणी टॉवेल टाकतं का? माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते मी तिथेच गिळलं. या माणसाने एवढी वर्षं अख्ख्या गिरणीसाठी मोजलं. त्यांच्यासाठी कुणी कधी मोजलं असेल असं मला वाटत नाही.

मी रेडिओ बंद केला आणि काउंटरवरूनच, जरा मोठ्याने म्हणाले, “एक, दोन, तीन, चार.”

मास्तरांनी मान वर केली नाही. अंगठा मात्र माझ्या मोजण्यावर चालायला लागला.

“दोन, दोन, तीन, चार,” मी म्हणाले.